ओबरमाटची वाकडी लिफ्ट

१३ जुलै, रविवार

आज मंडळाच्या बैठकीत डोकं उठलं. यंदा गणपतीचा देखावा काय करायचा यावर दोन घंटे चर्चा, आणि निष्पन्न झालं ते माझ्या गळ्यात पडलं.

गेल्या वर्षी केदारनाथ झालं, त्याच्या आधी जेजुरी. या वर्षी रितेश उठला. पुण्याचा मुलगा, हायटेक सिटीत नोकरी. मंडळात येऊन दोन वर्षंही झाली नाहीत आणि हात सगळ्यांच्या आधी वर. म्हणाला, "आपला नामपल्लीचा हॉल ए.सी. आहे. लोक घामाघूम होऊन येतात. स्विस स्की रिसॉर्ट करू ना, एकदम कूल." आमचे अध्यक्ष नामदेवराव पंच्याहत्तरीचे. त्यांनी विचारलं, "स्की म्हणजे काय बाबा?" रितेशनं पायांना फळ्या बांधल्यागत गुडघे वाकवून हॉलभर चालून दाखवलं. "म्हणजे घसरगुंडी," नामदेवराव म्हणाले. "करा की मग."

इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण बायकांच्या रांगेतून आमची बायको अलका बोलली, "मग आमच्या निशीचंच गाव करा. ओबरमाट. लई देखणं आहे, मी फोटो देते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कुणी विचारलं नाही. घरातलं माणूस फितूर झाल्यावर बाहेरच्यांना काय दोष द्यायचा?

तरी मी गप्पच बसणार होतो. पण रितेश म्हणाला, नेटवरून दोन-चार फोटो काढू, मागे फ्लेक्स लावू, झालं. तेव्हा मला राहवलं नाही. चौतीस वर्षं सिकंदराबादला रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढलीत मी. म्हणालो, "उतार, रेल्वे, लिफ्ट, घरं, सगळं प्रमाणात पाहिजे. गावाचा इतिहास पाहिजे, काय बघण्यासारखं आहे ते नीट सांगणारं निवेदन पाहिजे. नाहीतर करूच नका." नामदेवराव म्हणाले, "बराबर आहे. मग तुम्हीच करा, हिम्मतराव."

इथे एक लिहून ठेवतो. आमची मुलगी निशिगंधा तिथे हॉटेलात मॅनेजर आहे, याचा या कामाशी काही संबंध नाही. दुसऱ्या कुणाच्या पोरीचं गाव असतं तरी मी असंच केलं असतं.

१६ जुलै, बुधवार

पर्यटनाचा नकाशा रितेशनं मोठा छापून आणला. ओबरमाट एका लांबट खोऱ्यात आहे, मागे ग्राउहॉर्न नावाचं शिखर. खालून दातेरी रुळांची छोटी गाडी वर येते. गावातून खुर्च्यांची लिफ्ट डोंगरावर जाते. माणसं पायाला फळ्या बांधून त्यात बसतात, पाय लोंबकळत वर जातात आणि बर्फावरून घसरत खाली येतात. परत वर जातात, परत खाली येतात. याच्यासाठी जगभरातून लोक पैसे मोजून येतात. असो.

छपाई खराब आहे. लिफ्टची रेघ मधेच मोडलेली दिसते. मी पट्टी लावून सरळ करून घेतली.

२० जुलै, रविवार

इतिहास कुठून आणायचा? नेटवर सगळं हॉटेलांची जाहिरात. रितेश म्हणाला, "काका, मी त्यांच्या टुरिस्ट ऑफिसच्या मॅडमना मेसेज करतो. तुम्ही प्रश्न सांगा, मी पाठवतो, उत्तर आलं की तुम्हाला मराठीत सांगतो." मी म्हणालो, "तुझं मराठी?" तो हसला. त्याला मराठी वाचायला दिलं की अक्षरांना ठेचा लागतात. तरी प्रश्न दिले. गाव कधी वसलं, पहिली लिफ्ट कोणी बांधली, गाडीचा चढ किती.

अलका डिसेंबरात तिकडे जाणार आहे. व्हिसाच्या ऑफिसात नंबर लावायचा आहे. मला विचारलं, "एक का दोन?" मी म्हणालो, "एक." तिनं वर पाहिलं नाही, भाजी निवडत राहिली.

सांगायचं तर सरळ आहे. गेल्या डिसेंबरात लातूरचे पाहुणे निशीला बघायला घरी येऊन बसले. मी स्टेशनवर जाऊन त्यांना घेऊन आलो. बाईसाहेब तेव्हा विमानात असायला हव्या होत्या, तर त्यांचा फोन आला की सीझन आहे, सुट्टी रद्द झाली. चार लोकांत माझं नाक कापलं. मी फोनवर म्हणालो, "तुझा बर्फ तुला लखलाभ. मला परत फोन करू नको." तिनं तो शब्द पाळला. लहानपणापासून माझं एक ऐकलं नाही, हे मात्र बराबर ऐकलं. आईला रोज फोन असतो. मी त्या वेळेला गच्चीवर झाडांना पाणी घालतो. अलका म्हणते, झाडं कुजायलीत.

२४ जुलै, गुरुवार

ऑफिसच्या मॅडमची उत्तरं आली. बाई कामाची दिसते. मुद्देसूद आणि भरपूर.

आधी ते गुराख्यांचं गाव होतं. गाई, गवत, चीज. धान्याची लाकडी कोठारं दगडी चकत्यांवर उभी करायचे, म्हणजे उंदीर चढत नसत. मग इंग्रज साहेब शिखरं चढायला यायला लागले, पण उन्हाळ्यात. हिवाळ्यात गाव बंद. माणसं घरात, गाई खालच्या मजल्यावर, त्यांच्या उबेवर माणसं झोपायची. पुढे एका शाळामास्तरनं नॉर्वेहून फळ्या मागवल्या आणि लोकांनी त्याला वेड्यात काढलं. त्याच्या मुलानं जुन्या ट्रकच्या इंजिनाला दोर बांधून पहिली लिफ्ट केली. आता गावात गाईंपेक्षा फळ्या जास्त आहेत, असं मॅडम म्हणते.

आणि एक. उन्हाळ्यात हिमनदी वितळते म्हणून तिच्यावर पांढरी मोठाली पांघरुणं घालतात. हे मी नामदेवरावांना सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "बर्फाला गोधडी? तिथल्या लोकांना दुसरं काम नाही का?"

गाडीच्या चढाबद्दल मॅडमनं लिहिलंय, मौला अलीच्या टेकडीच्या पायऱ्या आठवा, तसा. हे रितेशनं पदरचं घातलं असणार. आम्ही मौला अलीला रेल्वे क्वार्टरमध्ये दहा वर्षं काढली. या पुण्याच्या पोरानं ती टेकडी कधी पाहिली? विचारलं तर म्हणतो, "हो काका, गूगलवर." बरं.

२ ऑगस्ट, शनिवार

बर्फानं जीव खाल्ला.

थर्माकोल चालत नाही. मीठ पसरून पाहिलं, तर या हवेत सकाळपर्यंत पाझरलं आणि अर्धा डोंगर फरशीवर. साबणाचा फेस करणारं मशीन रितेशनं आणलं, त्यानं हॉलमध्ये तिघं जण घसरून पडले. खऱ्या स्कीचा अनुभव, म्हणतो. शेवटी गादीवाल्याकडून कापूस पिंजून आणला, त्यावर पांढरी रांगोळी चाळणीनं भुरभुरवली. लांबून बरा दिसतो. जवळून गादी फाटल्यागत दिसतो.

गाडी मात्र झाली. दातेरी पट्टी, छोटी मोटर, दोन डबे. चढावर एकदा अडकते, मग गुर्र करून निघते. खरीसुद्धा तशीच निघते, असं मॅडमचं उत्तर आलं. त्या गाडीचा भोंगाही तिनं रेकॉर्ड करून पाठवला. ऐकून बरं वाटलं. तेवढंच बरं वाटलं या आठवड्यात.

१० ऑगस्ट, रविवार

आज भांडण झालं. मोठं.

लिफ्टचे चार खांब खाजाभाईंनी वेल्डिंग करून दिले. मी तार ओढली, खुर्च्या लावल्या, प्रत्येक खुर्चीत एक एक माणूस बसवला, पायात फळ्या आणि जोडे. गाव डाव्या हाताला पुढे, शिखर उजव्या हाताला मागे, मधे बाप्पाचं आसन. मोटर चालू केली. खुर्च्या एकामागून एक सरकायला लागल्या. मी नामदेवरावांकडे पाहिलं, कौतुक करतील म्हणून.

त्यांनी आसनाकडे बोट केलं. "इथे बाप्पा बसणार?"

"हो."

"आणि हे लोक त्यांच्या डोक्यावरून जाणार? जोड्यांसकट?"

माझ्या हे खरंच ध्यानात आलं नव्हतं. पण ते त्यांनी सगळ्यांसमोर ज्या सुरात म्हटलं, त्यानं माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, "नकाशात लिफ्ट सरळ आहे. मॉडेल म्हणजे मॉडेल. बाप्पाला थोडं पुढे घ्या."

"बाप्पाला सरकवता का तुम्ही? घसरगुंडीसाठी?"

"मग फ्लेक्सच लावायचा होता. कशाला मला बोलावलं?"

"लिफ्ट थोडी वळवा हो. कोण मोजायला बसलंय तिथे?"

कोण मोजायला बसलंय. हेच ऐकायचं राहिलं होतं. सगळ्या आयुष्यात हेच ऐकलं. एक वायर इकडची तिकडे झाली की दोन गाड्या समोरासमोर येतात, तेव्हा कळतं कोण मोजायला बसलंय. मी म्हणालो, "एखाद्यानं हे पाहिलं, ज्याला ते गाव माहीत आहे, तर तो काय म्हणेल? या माणसाला साधी लिफ्ट सरळ लावता आली नाही?" नामदेवराव म्हणाले, "ते गाव माहीत असणारं इथे कोण येणार आहे?"

मी राजीनामा देऊन घरी आलो. तोंडी दिला, पण दिला.

११ ऑगस्ट, सोमवार

अलका म्हणाली, "भांडायला तुम्हाला माणसं कमी पडतात का हो? एक झालं की दुसरं."

मी म्हणालो, "मी चूक आहे का सांग."

"तुम्ही कधीच चूक नसता. हाच तर वैताग आहे."

दुपारी भात खाताना पुटपुटली की रितेशला मॅडमना विचारू दे, त्यांच्याकडे असं काही झालंय का. मी म्हणालो, त्यांच्याकडे बाप्पा नाहीत.

१३ ऑगस्ट, बुधवार

हात टेकले.

मॅडमचं उत्तर आलं. रितेश घरी येऊन वाचून दाखवून गेला. ओबरमाटची लिफ्ट सरळ नाहीच. पूर्वी सरळ जाणार होती. खांब उभे राहिले होते, तार यायची बाकी होती. तेव्हा गावातले म्हातारे चर्चमागच्या कबरस्तानात खुर्च्या टाकून बसले. म्हणाले, आमच्या बाप-आजांच्या अंगावरून परक्या लोकांचे बूट जाऊ देणार नाही. इंजिनीअर संतापला. त्यानंही म्हणे राजीनामा दिला. महिनाभर घरी बसला, मग स्वतःच परत आला, आणि मधे एक स्टेशन बांधून लिफ्ट वळवली. आज लोक खास ते वळण बघायला येतात. त्या स्टेशनाला गावात 'कोपर' म्हणतात. तिथे कॉफी आणि सफरचंदाचा केक मिळतो, आणि समोर आख्खं खोरं दिसतं. गावातलं सगळ्यात लोकप्रिय ठिकाण.

म्हणजे नकाशातली रेघ मोडलेली नव्हती. वळलेली होती. मीच पट्टी लावून सरळ केली.

नामदेवरावांना फोन केला. त्यांना वाटलं मी परत भांडायला केला. सगळं सांगितल्यावर म्हणाले, "तिथले लोक वळले, तर तुम्हाला वळायला काय होतंय?" मी म्हणालो, मी वळत नाहीये, नकाशाप्रमाणे करतोय. "हौ हौ," ते म्हणाले. "नकाशाप्रमाणे करा. उद्या या."

१९ ऑगस्ट, मंगळवार

कोपर झालं. तार आता बाप्पाला वळसा घालून जाते. कबरस्तान दाखवायचं की नाही यावर पुन्हा एक बैठक. नाही दाखवलं. तिथे सफरचंदाच्या केकची टपरी ठेवली.

निवेदनाचं संकट आता. माझं लिखाण चांगलं झालं आहे, हे मी म्हणत नाही, पूजेचे गुरुजी म्हणाले. पण वाचणार कोण? रितेशनं वाचलं. 'हिमप्रपात' शब्दावर तीनदा पडला. 'दातेरी' शब्दाला 'दारेती' म्हणाला. मग मी रेकॉर्ड केलं. ऐकून नामदेवराव म्हणाले, "हिम्मतराव, राग नका मानू, पण गाडी उशिरा धावत असल्याची घोषणा चालल्यागत वाटतंय." सगळे हसले. मीही हसलो असतो, पण तेवढा मोठा मी अजून झालेलो नाही.

अलका म्हणाली, "कागद माझ्याकडे द्या. मी बघते."

मी म्हणालो, कुणाकडूनही करून घे, फक्त एक अक्षर बदलायचं नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

स्थापना झाली. आरती झाली. हॉलचे दिवे घालवले, डोंगरावर निळा प्रकाश आला, गाडीचा भोंगा वाजला, आणि निवेदन सुरू झालं.

"नमस्कार. ओबरमाटमध्ये तुमचं स्वागत आहे."

निशी होती.

मी बाहेर आलो. समोरच्या इराण्याकडे बसलो. चहा आला, तो गार झाला, दुसरा आला. तिथेही आवाज येत होता, हॉलचं दार उघडं होतं.

मौला अली. आता कळलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल अलकाशी बोललो नाही. आज बोललो. म्हणालो, "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला वेडं बनवलं. टुरिस्ट ऑफिसची मॅडम म्हणे."

ती म्हणाली, "ती विचारायची, बाबांनी आज काय विचारलं. सगळी कामं सोडून शोधायची. म्युझियममध्ये जाऊन आली तुमच्यासाठी. एका म्हाताऱ्या इंजिनीअरच्या मुलीला भेटून आली. तुम्ही सरळ विचारलं असतं तर सरळ सांगितलं असतं."

"तिनं सरळ फोन करायचा होता."

"तुम्ही नको म्हणाला होता."

"म्हणून काय झालं?"

अलका हसायला लागली. यात हसण्यासारखं काय आहे मला कळलं नाही. पदरानं डोळे पुसत आत गेली.

३१ ऑगस्ट, रविवार

गर्दी उसळली आहे. रविवार म्हणून बाहेरपर्यंत रांग. आणि वैतागही तेवढाच. दहातले नऊ जण आत येऊन म्हणतात, "अरे, मनाली." मी दारात उभं राहून सांगतो, मनाली नाही, ओबरमाट. एक तेलुगू आजीबाई म्हणाल्या, "ऊटी?" मी हात जोडले. खैरताबादचा तो अवाढव्य गणपती बघून इकडे आलेला एक जण म्हणाला, "इतना छोटा क्यूँ है?" बर्फाला हात लावून पोरांनी पायथ्याचा कापूस उपटला. गाडी चढावर अडकते तेव्हा लोक टाळ्या वाजवतात आणि सुटते तेव्हा मोबाईल काढतात.

पण मशालींच्या वेळी गप्प होतात. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी तिथले स्की शिकवणारे सगळे हातात मशाल घेऊन अंधारात डोंगरावरून नागमोडी खाली येतात. रितेशनं त्याच्यासाठी बारीक दिव्यांची ओळ केली आहे. एक एक दिवा वरून खाली सरकतो आणि ओळ शेवटी बाप्पाच्या पायाशी येते. इथे निशीचा आवाज हळू होतो. "खाली उभं राहून बघताना वाटतं, आपल्यापैकीच कुणीतरी घरी येतंय." हे वाक्य मी लिहिलं नव्हतं.

मी आज मुद्दाम कागद हातात घेऊन पूर्ण ऐकलं. तिनं चार ठिकाणी बदल केलेत. 'हिमप्रपात' काढून 'बर्फाचा कडा कोसळतो' केलं. 'अल्पोपहार' काढून 'खाऊ' केलं. ते एक वेळ ठीक. पण शेवटी तिनं एक आख्खी गोष्ट घातली आहे, जिचा माझ्या कागदात पत्ता नाही.

ती अशी. सप्टेंबरच्या शेवटी गाई डोंगरावरून खाली गावात आणतात. त्यांच्या गळ्यात मोठ्या घंटा, शिंगांना फुलं. जुन्या काळी या दिवशी गावात एक रीत होती. ज्यांचं वर्षात भांडण झालं असेल त्यांनी पहिला बर्फ पडायच्या आत एकमेकांच्या दारात जायचं. माफी मागायची नाही, नुसतं काहीतरी विचारायचं. सरपण किती साठवलं, गाय बरी आहे का, असं काहीही. कारण एकदा रस्ता बंद झाला की वसंतापर्यंत बोलायची सोय नाही, आणि वसंतापर्यंत सगळे असतीलच असं नाही.

एवढं बोलून ती थांबते. मग भोंगा वाजतो आणि दिवे लागतात. आज एक बाई रडत बाहेर आली आणि बाहेरच्या बाकावर बसून कुणाला तरी फोन लावला.

रीत चांगली आहे. पण पुरावा काय?

३ सप्टेंबर, बुधवार

तीन दिवस शोधतोय. रितेशला बसवून नेटवर शोधलं. गाई उतरण्याची रीत खरी आहे, तिथे बऱ्याच गावांत आहे, घंटा आणि फुलं खरी आहेत. भांडण मिटवायचं कुठे सापडत नाही. इंग्रजीत नाही. रितेशनं जर्मनमधून भाषांतर करून पाहिलं, तिथेही नाही. तो म्हणाला, "काका, सोडा ना, लोकांना आवडायलंय." पोरगं आता हैदराबादी बोलायला लागलं.

सोडा म्हणे. हजारो लोक ऐकून जातायत. उद्या कुणी विचारलं, ही रीत कधीपासूनची, तर मी काय सांगू? निवेदन माझ्या नावावर आहे. बोर्डावर लिहिलंय, संशोधन व लेखन, हिम्मतराव.

अलकाला म्हणालो, तुझ्या लेकीला विचार, हे कुठून आणलं.

ती म्हणाली, "मी का विचारू? संशोधन कुणाचं आहे?"

६ सप्टेंबर, शनिवार

विसर्जन. सकाळी उत्तरपूजा झाली. बाप्पाला उचलायच्या आधी निवेदन शेवटचं लावलं. माणसं थोडीच होती, मंडळाची. नामदेवराव खुर्ची पुढे ओढून बसले. बर्फाला गोधडी आली तेव्हा मान हलवली, कोपर आलं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. संपल्यावर म्हणाले, "लेकीचा आवाज तुमच्यागतच आहे हो, हिम्मतराव. फक्त गाडी वेळेवर आल्यागत वाटतं."

मग हुसेनसागरला टँक बंडवर गर्दी, गुलाल, ढोल. परत आलो तेव्हा पोरांनी अर्धा डोंगर उतरवला होता. कापूस पोत्यात भरायचं चाललं होतं. रितेशनं विचारलं, "काका, रेकॉर्डिंग ठेवू का डिलीट करू?" मी म्हणालो, आहे तसं राहू दे, हात लावू नको. गाडी मात्र घरी घेऊन आलो.

७ सप्टेंबर, रविवार

दुपारी अलका बहिणीकडे गेली. मी फोन लावला. संशोधनाचं काम होतं, अर्धवट ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

तिनं लगेच उचलला. "बाबा?" मग घाबरून, "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. एक विचारायचं होतं. ती गाईंच्या दिवसाची रीत. भांडण मिटवायची. ती कुठून घेतली? आधार सापडत नाही."

 मागे भांड्यांचा आवाज येत होता, नाश्त्याची वेळ असणार.

"आधार नाही, बाबा. मीच घातली."

"म्हणजे अशी रीत नाही?"

"नाही."

"इतिहासात असं मनचं घालतात का?"

"काढून टाका मग."

"विसर्जन झालं. आता काय काढायचं?"

"मग कशाला फोन केला?" तिचा आवाज जरा हलला होता. लहानपणी परीक्षेला निघताना हलायचा तसा.

मी म्हणालो, विचारायला केला. ती म्हणाली, हो, विचारायलाच करतात.  मग तिनं विचारलं, बर्फ कशाचा केला होता, फोटोत कळत नव्हतं. मी म्हणालो, गादीच्या कापसाचा. ती हसायला लागली. मिठाची गोष्ट सांगितली तेव्हा आणखी हसली. रितेश फेसावरून कसा पडला तेही सांगितलं. गाडी अडकून कशी निघते ते सांगितलं. तिथल्या गाडीत काय दोष असेल ते मी तिला समजावून सांगितलं, दात झिजले असणार, तिनं तिथल्या लोकांना सांगायला हवं. "तुम्हीच येऊन सांगा," ती म्हणाली. मी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

म्हणालो, "डिसेंबरात थंडी किती असते तिथे? तुझ्या आईसाठी विचारतोय."

"आईसाठी उणे बारा," ती म्हणाली. "तुमच्यासाठीही तेवढीच."

संध्याकाळी अलका आली. टेबलावर गाडी ठेवून मी दात साफ करत बसलो होतो. फोनचं काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, पण चहाबरोबर उस्मानिया बिस्किटं दिली, जी ती मला साखरेमुळे देत नाही.

उद्या आबिड्सला जायचं आहे. आतून घालायचे गरम कपडे मिळतात तिथे. अलकासाठी बघायचेत. माझ्या मापाचे असतात का, तेही नुसतं विचारून येईन.